नावडती लेआ : बायबलमधील ‘द्वेष’ या शब्दाचा इतिहास



या व्याख्यानासाठी विषय निवडताना मी थोडा स्वार्थ साधला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी याच भागातील एका शाळेत मी इतिहास शिकवीत असताना नववीतील एका ख्रिस्ती विद्यार्थ्याने मला एक प्रश्न विचारला होता. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशूने असे म्हटले आहे, की जो माझ्याकडे येतो आणि आपल्या आईबापांचा, बायकोमुलांचा, भावंडांचा द्वेष करीत नाही त्याला माझा शिष्य होता येणार नाही. शत्रूवरही प्रीती करा म्हणणारा माणूस आईचा द्वेष करा असे कसे सांगेल, हा त्या मुलाचा प्रश्न. ती बोलण्याची एक रीत आहे, अतिशयोक्ती आहे, असे सांगून मी त्याला खाली बसविले आणि फ्रेंच राज्यक्रांतीकडे वळलो. पुढे कळले, की त्याच्या आजोबांनी तरुणपणी धर्मांतर केले तेव्हा त्यांच्या आईने दार लावून घेतले होते, आणि त्या मायलेकरांची भेट पुन्हा कधीही झाली नाही. त्या घरात या वचनाची चर्चा दोन पिढ्या चालली होती. मी दिलेले उत्तर अर्धवट होते. उरलेला भाग आज सांगण्याचा प्रयत्न करतो.

बायबलचा जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे, काही थोडा भाग अरामीत. नवा करार ग्रीकमध्ये. आपण ज्याला ‘द्वेष’ म्हणतो त्यासाठी हिब्रूत नेहमी येणारे क्रियापद ‘साने’ हे आहे, त्याचे नाम ‘सिनआ’. ग्रीकमध्ये त्याच्या जागी ‘मिसेओ’ आले. मानवद्वेष, स्त्रीद्वेष या अर्थांचे जे युरोपीय शब्द आज प्रचारात आहेत, त्यांच्या आरंभीचा ‘मिस’ हा याच ग्रीक शब्दाचा अवशेष होय. इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातील यहुदी पंडितांनी हिब्रू ग्रंथ ग्रीकमध्ये आणण्यास आरंभ केला, तेव्हा ‘साने’ला ‘मिसेओ’ ही जोडी रूढ झाली आणि पुढे नव्या करारानेही ती स्वीकारली. ग्रीक वाचकाला त्या शब्दात जो मनातला कडवटपणा ऐकू येत होता, तो हिब्रूत प्रत्येक ठिकाणी होताच असे नाही. घोटाळ्याचे एक मूळ येथे आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोबाची गोष्ट घेऊ. त्याला राहेल हवी होती. सासऱ्याने लग्नाच्या रात्री थोरली लेआ त्याच्या तंबूत पाठविली. पुढे राहेलही मिळाली. एकोणतिसाव्या अध्यायाच्या तिसाव्या वचनात लेखक म्हणतो, याकोबाची राहेलवर लेआपेक्षा अधिक प्रीती होती. लगेच पुढच्या वचनात तोच लेखक लेआला ‘सनूआ’ म्हणतो. शब्दशः पाहिले तर ‘द्वेषिलेली’. एका वचनात ‘कमी प्रिय’ आणि दुसऱ्यात ‘द्वेषिलेली’! याकोब तिला मारहाण करीत होता असे कथा कोठेही म्हणत नाही. तिला त्याच्यापासून मुलेही होत होती. ‘सनूआ’ हे येथे पतीच्या मनातील ज्वराचे वर्णन नसून घरातील एका स्त्रीच्या स्थानाचे नाव आहे.

मराठी भाषांतरकारांनी या ठिकाणी जे केले त्याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. आज प्रचारात असलेल्या मराठी पवित्र शास्त्रात लेआ ही ‘नावडती’ आहे. युरोपातील अनेक भाषांतरांना येथे ‘द्वेषिलेली’ किंवा ‘प्रेम न मिळालेली’ असे काहीतरी म्हणावे लागते. आपल्या भाषेत मात्र शब्द तयारच होता. श्रावणी सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीतील नावडती सून आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. नावडती म्हणजे जिचे वाटप कमी, जिची जागा बाहेरची, जिचे मीठही अळणी. तिच्याविषयी कोणाच्या मनात काय आहे हा प्रश्न नंतरचा. पानात काय वाढले जाते हा आधीचा.

अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायातील कायदा नेमका या पानाविषयीच आहे. एका पुरुषाला दोन बायका, एक आवडती व एक नावडती (येथेही मूळ शब्द तोच), आणि थोरला मुलगा नावडतीचा असेल, तर बापाने आवडतीच्या मुलाला ज्येष्ठत्व देऊ नये. नावडतीच्या मुलालाच दुप्पट वाटा द्यावा, असे तेथे सांगितले आहे. बापाच्या मनावर कायद्याचे राज्य चालत नाही, वाटणीवर चालते. आमच्या कित्येक संस्थानांच्या वारसा-तंट्यांचा इतिहास वाचणाऱ्याला हे कलम परके वाटणार नाही.

आता थोडे ग्रंथाबाहेर जाऊ. कारण शब्दाचा खरा व्यवहार दस्तऐवजांत सापडतो. इजिप्तमध्ये आस्वानजवळ नाईल नदीत एलिफन्टाइन नावाचे बेट आहे. इ. स. पू. पाचव्या शतकात इराणी साम्राज्याच्या चाकरीतील यहुदी शिपायांची तेथे वसाहत होती, त्यांचे स्वतःचे मंदिरही होते. त्यांची अरामी भाषेतील कागदपत्रे पपायरसवर लिहिलेली सापडली. काही सेस व काउली यांनी 1906 साली प्रसिद्ध केली. काही चार्ल्स विल्बर या अमेरिकन प्रवाशाने 1893 साली विकत घेतली होती. ती त्याच्या पेटीत पडून राहिली आणि ब्रुकलिनच्या संग्रहालयात पोहोचल्यावर 1953 साली क्रेलिंग यांनी प्रकाशात आणली. साठ वर्षे पेटीत! आपल्याकडील दप्तरांच्या वाट्याला जे येते ते तिकडेही येते, एवढेच समाधान.

या कागदांत इ. स. पू. 449 मधील एक विवाहपत्र आहे. वर अनन्या, मंदिराचा सेवक. वधू तामेत, दुसऱ्याच्या घरची दासी. त्यात लिहिले आहे, की उद्या किंवा पुढे कधी अनन्याने सभेत उभे राहून ‘माझी बायको तामेत हिचा मी द्वेष केला’ असे म्हटले, तर ‘द्वेषाची चांदी’ त्याच्या माथी. त्याने तिला साडेसात शेकेल चांदी द्यावी, आणि तिने जे आणले ते काडीपासून दोरीपर्यंत तिने घेऊन जावे. आणि उलट, तामेतने सभेत उभे राहून तेच शब्द नवऱ्याविषयी उच्चारले, तर तितकीच चांदी तिच्या माथी, आणि आणलेले सामान घेऊन तिलाही जाण्याची मोकळीक. क्रियापद तेच, ‘साने’चे अरामी रूप. येथे ‘मी द्वेष केला’ हे वाक्य म्हणजे काडीमोड. ते सभेत म्हणावयाचे असते, त्याला किंमत लावलेली असते आणि साक्षीदार त्याखाली नावे घालतात. त्या उच्चाराने विवाह तेथल्या तेथे संपत असे, की पत्नीचे स्थान केवळ खाली येत असे, याबद्दल पंडितांत मतभेद आहेत. मला पहिला पक्ष अधिक पटतो. नाहीतर सामान बाहेर काढण्याचे कलम इतके काळजीपूर्वक कशाला लिहिले असते?

ही रीत त्या बेटापुरती नव्हती. त्याच्या सुमारे तेराशे वर्षे आधीच्या हम्मुराबीच्या संहितेतही पतीचा ‘द्वेष’ करून त्याला नकार देणाऱ्या स्त्रीचे कलम आहे. तिच्या वस्तीने चौकशी करावी, दोष नवऱ्याचा ठरला तर तिने आपले स्त्रीधन घेऊन माहेरी जावे. दोष तिचा ठरला तर तिला पाण्यात टाकावे. शास्त्यांच्या पुस्तकात शमशोनाचा सासरा त्याला सांगतो, की तू तिचा अगदी द्वेष केलास असे मला वाटले म्हणून मी तिला तुझ्या सोबत्याला देऊन टाकले. केवळ राग आल्याने मुलीचे दुसरे लग्न लावणारा बाप मूर्ख ठरेल. जावयाने तिला सोडले असे समजणारा बाप मूर्ख ठरत नाही.

हा धागा हाती आला, की राजकारणातील वापरही उलगडतो. विल्यम मोरन या अभ्यासकाने 1963 साली दाखवून दिले, की प्राचीन पश्चिम आशियातील तहनाम्यांत मांडलिकाने सम्राटावर ‘प्रेम करणे’ म्हणजे निष्ठा राखणे. मग द्वेष म्हणजे निष्ठा काढून घेणे, हे ओघानेच आले. अबशालोमाच्या मृत्यूनंतर शोक करीत बसलेल्या दावीद राजाला सेनापती यवाब खडसावतो, की तुम्ही तुमचा द्वेष करणाऱ्यांवर प्रेम करता आणि प्रेम करणाऱ्यांचा द्वेष करता. तो राजाच्या अंतःकरणाची चिकित्सा करीत नव्हता. बाहेर सैन्य पांगत चालले होते.

मलाखीच्या आरंभी देव म्हणतो, मी याकोबावर प्रेम केले आणि एसावाचा द्वेष केला. हे वाक्य पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात घेतले आणि पुढे कॅल्व्हिनसारख्या धर्मवेत्त्यांनी त्यावर मनुष्याच्या जन्मापूर्वीच ठरलेल्या उद्धाराचा व नाशाचा मोठा इमला उभारला. मलाखीपुढे मात्र दोन भावांच्या नावांनी ओळखली जाणारी दोन राष्ट्रे होती, इस्राएल आणि अदोम; एकाशी करार झाला, दुसऱ्याशी नाही. त्याच बायबलात, अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात, अदोमी माणसाचा तिटकारा करू नकोस, तो तुझा भाऊ आहे, अशी आज्ञा आहे. तेथे ‘साने’ नाही, किळस दर्शविणारे वेगळे क्रियापद आहे. एसावाने याकोबाविरुद्ध मनात डूख धरला त्या ठिकाणीही ‘साने’ येत नाही, ‘सातम’ येते. हिब्रूला हे भेद माहीत होते.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. ‘साने’ म्हणजे सर्वत्र केवळ ‘कमी प्रेम करणे’ असे काही उपदेशक सांगतात, ते खरे नाही. दावीदाचा मुलगा अम्नोन याने तामार या आपल्या सावत्र बहिणीवर बलात्कार केला, आणि त्यानंतर आधीच्या प्रेमाहून मोठा द्वेष त्याच्या मनात उसळला, असे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. तेथे शब्द हाच आहे आणि तो पूर्ण विषारी आहे. लेवीय पुस्तक भावाचा मनात द्वेष करू नये म्हणते, तेव्हा ‘मनात’ हा शब्द मुद्दाम घालते. डोंगरावरील प्रवचनात येशू ‘शत्रूचा द्वेष कर असे तुम्ही ऐकले आहे’ असे म्हणतो. अशी आज्ञा जुन्या करारात कोठेही सापडत नाही. मृत समुद्राकाठच्या गुहांत 1947 साली जी पहिली हस्तलिखिते सापडली त्यांतील एका पंथाच्या नियमावलीत मात्र प्रकाशाच्या पुत्रांवर प्रीती आणि अंधाराच्या पुत्रांचा द्वेष असे कर्तव्यच सांगितलेले आहे. म्हणजे असे बोलणारे लोक त्या काळी होते.

आता लूककडे येतो. मत्तयाने हेच वचन दिले आहे, पण त्याच्याकडे शब्दयोजना निराळी: जो माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रेम करतो तो मला योग्य नाही. राहेल आणि लेआ यांच्या दोन वचनांत जे नाते आहे तेच मत्तय आणि लूक यांच्यात आहे. लूकने सेमिटिक वळण जसेच्या तसे ग्रीकमध्ये ठेवले, मत्तयाने ते उलगडून लिहिले. आणि मराठीत? लेआला ‘नावडती’ म्हणणाऱ्या भाषांतरात लूकच्या ठिकाणी ‘द्वेष’ आहे. आता द्वेष हा आपल्याकडे केवळ भाषेतला शब्द नाही. पतंजलीने पाच क्लेशांत त्याची गणना केली आहे. गीतेतील भक्ताचे पहिले लक्षण अद्वेष हे आहे. ज्या मनाला ही शिकवण आहे त्याने आईचा ‘द्वेष’ करा हे वाचले तर त्याला काय वाटेल?

हा निव्वळ तर्क नाही. आपल्याच बेळगावचे बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा 1854 साली येथे झाला. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी त्या काळची हकीकत लिहिली आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाई त्यानंतर चार-साडेचार वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्या दोघांत मला राग दिसतो, रुसवा दिसतो, अपार दुःख दिसते. द्वेष कोठेही दिसत नाही. तरी ताटातूट झाली होती, आणि तीही सर्वांच्या देखत. एलिफन्टाइनच्या लेखनिकाने तिला काय म्हटले असते, हे आता आपल्या लक्षात आले असेल.

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक शिकून केडगावी सोप्या मराठीत बायबल आणण्याचा जो उद्योग केला त्याचे कारण असल्याच ठिकाणी शोधावे लागते. त्या 1922 साली वारल्या आणि त्यांचे संपूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले.

त्या विद्यार्थ्याचा पत्ता काही वर्षांपूर्वी मिळाला, तेव्हा वरील सर्व स्थळे लिहून मी त्याला एक लांब पत्र पाठविले आणि नववीतल्या उत्तराबद्दल क्षमा मागितली. त्याचे उत्तर पोस्टकार्डावर आले. माहितीबद्दल आभार मानून त्याने खाली एकच ओळ लिहिली होती: ‘सर, दार पणजीने लावले, मग आमच्या घरी ‘साने’ कोणी कोणाला केले?’