शिकागो थिएटर : तिकीटधारकांसाठी उभारलेला प्रासाद

शिकागोच्या मध्यवर्ती ‘लूप’ भागात, स्टेट स्ट्रीट व लेक स्ट्रीट यांच्या चौकाजवळ, शहराचेच नाव उभ्या अक्षरांत मिरवणारा एक भव्य फलक आहे. पोस्टकार्डांमुळे आणि चित्रपटांमुळे जगभर परिचित झालेला हा फलक शिकागो थिएटरचा. २६ ऑक्टोबर १९२१ रोजी हे नाट्यगृह खुले झाले, तेव्हा पडद्यावर नॉर्मा टॅलमजची भूमिका असलेला ‘द साइन ऑन द डोर’ हा मूकपट होता.

‘बालाबान अँड कॅट्झ’ या कंपनीने सुमारे ४० लाख डॉलर खर्चून ही वास्तू बांधली. कॉर्नेलियस व जॉर्ज रॅप हे बंधू तिचे वास्तुविशारद. दर्शनी भागावरील टेराकोटाची कमान पॅरिसच्या विजयकमानीची आठवण करून देते. आतील उंच दालनाला व्हर्सायच्या राजप्रासादातील प्रार्थनागृहाचा, तर भव्य जिन्याला पॅरिस ऑपेराचा आदर्श लाभला आहे. यामागे पक्का व्यावसायिक हिशेब होता. युरोपातील राजवाड्यांत ज्याला कधीच प्रवेश मिळाला नसता, त्या कारखान्यातील कामगाराला किंवा कचेरीतील कारकुनाला तिकिटाच्या मोबदल्यात दोन-तीन तास ते वैभव उपभोगता यावे, हे त्या काळातील चित्रपट-प्रासादांचे सूत्र होते. चित्रपटासोबत वाद्यवृंद, रंगमंचावरील कार्यक्रम आणि वुर्लिट्झर ऑर्गनचे वादनही असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यमवर्ग उपनगरांत स्थिरावला, घरोघरी दूरचित्रवाणी आली आणि साडेतीन हजारांहून अधिक आसनांचे प्रेक्षागृह भरणे दुष्कर झाले. अशा वास्तूंचे काय होऊ शकते, हे शिकागोने जवळूनच पाहिले होते. अॅडलर आणि सलिव्हन यांनी उभारलेले रँडॉल्फ स्ट्रीटवरील गॅरिक थिएटर १९६१ मध्ये, नागरिकांचा विरोध डावलून पाडले गेले आणि त्या जागी वाहनतळ आला. मात्र त्या पराभवातूनच शहरातील वास्तुसंवर्धनाच्या चळवळीला बळ मिळाले.

शिकागो थिएटरवर पाडकामाचे सावट आले, तोवर संरक्षणाची साधने उपलब्ध झाली होती. १९७९ मध्ये या वास्तूची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत नोंद झाली आणि १९८३ मध्ये शहराने तिला वारसावास्तूचा दर्जा दिला. तरीही नुसत्या दर्जाने छत दुरुस्त होत नाही. १९८४ मध्ये संवर्धनासाठी एकत्र आलेल्या गटाने शेजारच्या पेज ब्रदर्स इमारतीसह ही वास्तू विकत घेतली. सप्टेंबर १९८५ मध्ये चित्रपटगृह म्हणून तिची कारकीर्द संपली. नूतनीकरणानंतर १० सप्टेंबर १९८६ रोजी फ्रँक सिनात्रा यांच्या गायनाने ती पुन्हा खुली झाली. चित्रपटांची जागा संगीत, विनोद व नृत्याच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांनी घेतली, आणि हा बदल स्वीकारल्यामुळेच आज ही वास्तू निव्वळ स्मारक न राहता चालते नाट्यगृह आहे.

कार्यक्रमाचे तिकीट नसले तरी मार्गदर्शकासोबतच्या फेरीत दालन, प्रेक्षागृह आणि प्रत्यक्ष रंगमंचही पाहता येतो. रंगमंचामागील भिंतींवर येथे कला सादर करून गेलेल्यांच्या स्वाक्षऱ्या आहेत. प्रेक्षागृहात मान वर करून लुई ग्रेल यांची भित्तिचित्रे अवश्य पाहावीत. बाहेर पडल्यावर प्रवेशद्वारावरील आडव्या फलकाकडेही लक्ष द्यावे. त्यातील नावामागे इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचे चिन्ह आहे. शिकागो नदीच्या तीन शाखांचे ते प्रतीक असून शहरातील अनेक सार्वजनिक वास्तूंवर आढळते. मेट्रोच्या रेड लाइनचे लेक स्थानक अगदी जवळ आहे. फेऱ्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकानुसार ठरत असल्याने निघण्यापूर्वी चौकशी करणे इष्ट.

भारतातून आलेल्या पाहुण्यांना शिकागो दाखवताना आपली पावले साहजिकच गगनचुंबी इमारतींकडे वळतात. त्या इमारतींतून शहराची संपत्ती दिसते. त्या संपत्तीचा थोडासा थाट सामान्य प्रेक्षकाच्या वाट्याला कसा आला आणि पुढे नागरिकांनी तो कसा राखला, हे पाहायचे असेल तर या नाट्यगृहासाठी एक तास राखून ठेवावा.