कारण गेलं, नियम उरला : कॅमेऱ्याच्या बॅटरीची गोष्ट

तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस बॅटरीवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण आजचा विषय खरं तर एका सल्ल्याचा इतिहास आहे. ‘बॅटरी पूर्ण संपू द्या, मगच चार्ज करा’ हा तो सल्ला. आपल्या सोलापुरात तो आजही ऐकू येतो.

तो आला कुठून? पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी फ्रान्सच्या गॅस्टन प्लांटे यांनी 1859 मध्ये तयार केली. ती शिसे आणि आम्लाची, आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीची आजीच म्हणा. पुढे 1899 मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंग्नर यांनी निकेल-कॅडमियमची बॅटरी केली. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत हीच असे. तिची एक खोड होती. वारंवार ठरावीक मर्यादेपर्यंतच वापरून भरत राहिलं, की पुढे तेवढ्यावरच तिचं व्होल्टेज उतरे. याला ‘मेमरी इफेक्ट’ म्हणत. म्हणून लग्नाचं शूटिंग करणारे लोक ती संपवून मग भरत. त्यांचं चुकत नव्हतं.

मग 1991 मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्यामागे अकिरा योशिनो, जॉन गुडइनफ आणि स्टॅनली व्हिटिंगहॅम यांचं काम होतं. 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. रसायन बदललं, पण सल्ला तोच राहिला. आणि नव्या बॅटरीला तोच घातक! ती रिकामी करून ठेवली, की पडून पडून आणखी उतरते. व्होल्टेज फार खाली गेलं, की आतलं तांबं विरघळू लागतं, संरक्षक सर्किट तिला बंद करतं, आणि चार्जर तिला ओळखतच नाही.

हे मी अनुभवाने शिकलो. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचं शूटिंग केलं, आणि एका दुकानदाराच्या सांगण्यावरून बॅटरी पूर्ण संपवून कपाटात ठेवली. पावसाळ्यात आई एके दिवशी आपणहून जात्यावरच्या ओव्या म्हणायला बसली. कॅमेरा काढला, तर बॅटरी मेलेली. ‘राहू दे रे, पुन्हा म्हणेन,’ आई म्हणाली. नवी बॅटरी आली तेव्हा आई नव्हती.

आपल्याकडे शब्द हेही प्रमाण मानतात, पण आप्ताचा, म्हणजे जाणकाराचा शब्द. दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्याचं ज्ञान एका वेगळ्या वस्तूचं होतं, एवढंच.

तर आता काय करायचं? लिथियम-आयन बॅटरी मधूनच चार्ज केली तरी चालते. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर साधारण निम्मी भरून, कॅमेऱ्यातून काढून, कोरड्या आणि थंड जागी ठेवा. दोन-तीन महिन्यांनी तपासा. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता, ही जोडी सगळ्यात वाईट. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशी ओलांडतो. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाल, तर बॅटरी बंद गाडीत ठेवू नका. फुगलेली बॅटरी मात्र वापरूही नका, टोचूही नका; ई-कचऱ्यात द्या.

आणि घरी गेल्यावर एक करा. कपाटातली बॅटरी काढून बघा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच बोलतं करा.