मुरुड परिसरातील गाय-वासरांच्या निवाऱ्याचे स्थित्यंतर : माळवद ते मुक्त गोठा

प्रस्तावना
मुरुड हे लातूर तालुक्यातील, लातूर-बार्शी मार्गावरील बाजारपेठेचे गाव होय. या भागातील कोरडवाहू शेती दीर्घकाळ बैलावर अवलंबून होती. दूध व शेतकाम या दोन्हींसाठी देवणी, तर मुख्यतः शेतकामासाठी लाल कंधारी जात जोपासली गेली. गाय ही प्रथम बैलाची माता होती. वासरू तिला पिऊनच वाढे. त्यामुळे येथील गोठ्याच्या सुधारणेचे मूल्यमापन केवळ दुधावरून करता येत नाही.

माळवदातील दावण
दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब आणि वर मातीचा थर असे माळवदाच्या घराचे स्वरूप होते. गुरे ढाळजेत वा चौकाच्या एका अंगाला बांधली जात. धारेच्या वेळी वासरू सोडणे, पान्हा फुटताच ते बाजूला ओढणे व शेवटी पुन्हा पाजणे, ही कामे घरातूनच होत. कोंदटपणा, ओल व शेणमुताची वाफ हे या व्यवस्थेचे दोष होते. मात्र रात्री व्यालेल्या गाईवर लक्ष राही.

भूकंपोत्तर पुनर्वसन
३० सप्टेंबर १९९३ रोजी शेजारच्या औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात अशी घरे कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावांचे स्थलांतर करण्यात आले. घरे जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची ठरली. माणसांच्या सुरक्षिततेसाठी हा बदल अपरिहार्य होता. परंतु या हिशेबात दावणीवरील जनावरांची संख्या धरलेली नव्हती. परिणामी गुरे घरापासून दूर, पत्र्याच्या निवाऱ्यात गेली. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापणारा पत्रा लहान वासरांना विशेष जाचक ठरतो.

शासकीय गोठा
३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयाने ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून दोन ते सहा जनावरांसाठी ७७,१८८ रुपयांचा पक्का गोठा मंजूर झाला. त्याचे माप ७.७ मीटर × ३.५ मीटर, म्हणजे २६.९५ चौरस मीटर आहे. छताखाली गाईस ३.५ व वासरास १ चौरस मीटर जागा लागते, असे मानक आहे. सहा गाई वासरांसह ठेवल्यास २७ चौरस मीटर लागतात. गव्हाणीची जागा वजा केल्यास वासरासाठी वेगळा कप्पा उरत नाही.

निष्कर्ष
प्रत्येक टप्प्यावर बांधकाम सुधारले, पण वासराची गणना राहून गेली. गाय-वासरे न बांधता कुंपणात फिरू देणारा, एका बाजूस छप्पर व वासरांचा स्वतंत्र कप्पा असलेला मुक्त गोठा कमी खर्चात ही उणीव भरून काढू शकतो. ट्रॅक्टरमुळे बैलाची मागणी घटली असता, वासरू जगविणारा गोठा हाच देशी जातींच्या संवर्धनाचा पाया ठरतो.