बिरसीची धावपट्टी, गोंदियाची लाख आणि कुंडीतला पिठ्या ढेकूण

आजचा धागा एका पांढऱ्या ठिपक्याविषयी आहे.

मनीप्लांटच्या देठापाशी, पानाच्या बेचक्यात कापसाचा कण अडकल्यासारखा तो दिसतो. खरवडला की आत मऊ, फिकट गुलाबी जीव निघतो. हा पिठ्या ढेकूण. ढेकूण नावापुरताच, हा रक्त नव्हे, झाडाचा रस शोषतो. पाठोपाठ पाने चिकट होतात, चिकटपणावर मुंग्या येतात आणि मग काळी बुरशी पसरते. माणसाने या जिवाशी कसा सामना केला, याचा इतिहास गोंदिया जिल्ह्यातील बिरसीपासून सांगायला घेतो. कारण पुढे कळेलच.

बिरसीला विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी तो उभारला. भोवतालचा मुलूख पळस, कुसुम आणि बोरीचा. या तिन्ही झाडांवर लाखेचा किडा पोसला जातो. गोंदियाचे नावच मुळी 'गोंद' म्हणजे डिंक या शब्दावरून पडले, असे सांगितले जाते. जंगलातला डिंक आणि लाख येथील बाजारात येई.

आता गंमत पाहा. लाखेचा किडा आणि पिठ्या ढेकूण एकाच खवले किडींच्या गोतावळ्यातले, चुलत भावंडेच म्हणा ना! दोघेही सोंड खुपसून रस पितात, दोघांच्याही माद्यांना पंख नसतात, दोघेही अंगातून पदार्थ स्रवून स्वतःला झाकून घेतात. एकाचे आवरण मेणाच्या पिठाचे, म्हणून तो शत्रू. दुसऱ्याचे राळेचे, म्हणून तो पीक! अथर्ववेदात लाक्षेला उद्देशून एक संपूर्ण सूक्त आहे. लखोट्यावरची मोहोर, बांगड्या, लाकडावरचे पॉलिश, आणि व्हिनाइल येण्यापूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्या हे सारे याच किड्याचे देणे. एक किलो राळेमागे सुमारे तीन लाख किडे खपतात. जेम्स कर याने १७८१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या किड्याचे वर्णन छापले. त्याच्याच नावावरून शास्त्रज्ञ आज या प्रजातीला 'केरिया' म्हणतात.

याच गोतावळ्यातला तिसरा भाऊबंद इतिहासात अपघाताने शिरला. किरमिजी रंग देणारा कोचिनील किडा कंपनी सरकारला हवा होता. १७९५ साली ब्राझीलहून कलकत्त्याला किडे आणले गेले, पण ते निघाले दुसऱ्याच जातीचे. रंग फारसा मिळाला नाही. त्या किड्यांनी मात्र येथे माजलेल्या एका परदेशी निवडुंगाचा फडशा पाडला. कीटकाकरवी तण मारण्याचे हे जगातले अगदी पहिले उदाहरण मानतात, आणि ते चुकून घडले.

आता झाडांवरच्या उपायांकडे वळू. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यातला उपचार असा: झाडाचा रोगट भाग आधी शस्त्राने काढून टाकावा, मग वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा आणि दूध मिसळलेले पाणी घालावे. सहाव्या शतकातला हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. लेप चालला न चालला, 'आधी छाटा' हे आजही पहिलेच पाऊल आहे.

युरोपातल्या बागाइतदारांनी अठराव्या शतकात तंबाखूचे पाणी वापरायला सुरुवात केली. १८२८ साली त्यातले निकोटिन वेगळे काढण्यात आले. विडीसाठी नावाजलेल्या गोंदियात हे सांगताना थोडे हसू येते, पण सावध राहावे. तंबाखूचा काढा 'घरगुती' असला तरी निकोटिन हे माणसालाही जहाल विष आहे आणि ते त्वचेतून अंगात भिनते. आज बाजारात मिळणारे इमिडाक्लोप्रिड हे निकोटिनच्याच धर्तीवर बेतलेले रसायन.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रॉकेल आणि साबण घुसळून केलेले दुधट पाणी गाजले. तेलाचा पातळ थर किड्याची श्वसनछिद्रे बुजवतो, एवढेच त्याचे मर्म. १९०३ साली भारतात आलेले सरकारी कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनीही अशाच तेल-साबणाच्या मिश्रणांचा पुरस्कार केला. त्यांचा भारतीय किडींवरील ग्रंथ १९०६ साली निघाला. १९२५ साली लंडनमध्ये कीटकनाशक वायूचा प्रयोग करताना त्याच वायूने त्यांचा बळी घेतला.

आणि मग महायुद्ध. बिरसीची धावपट्टी झाली त्याच्या आदल्याच वर्षी, १९३९ साली, स्वित्झर्लंडमध्ये पॉल म्यूलर यांना डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला. उवा आणि डास यांच्यापासून सैन्ये वाचवून डीडीटी युद्धातून बाहेर पडले ते थेट शेतात आणि घरात. १९४८ साली म्यूलर यांना नोबेल मिळाले. पण खवले किडींच्या बाबतीत उलटेच घडले. कॅलिफोर्नियाच्या संत्राबागांत एका पांढऱ्या खवले किडीला १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या लाल ढालकिड्याने आटोक्यात ठेवले होते. १९४६-४७ च्या सुमारास डीडीटी फवारताच ढालकिडे मेले, कीड उसळली, आणि ढालकिडे पुन्हा आणून सोडावे लागले. तीच कीड १९२८ साली निलगिरीत दिसली होती. तिथेही पुढच्याच वर्षी हाच ढालकिडा कामी आला होता.

हा सारा जुना इतिहास म्हणून सोडून देता येत नाही. २०१७ साली आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. शेतासाठीची तीच औषधे लहान बाटलीत भरून दिवाणखान्यातल्या चार कुंड्यांसाठी आणणारे लोक मी पाहिले आहेत. बंद खोली, उघडे हात, शेजारी खेळणारे मूल!

निंबोळीचा मार्ग याहून बरा. १९६२ साली दिल्लीत प्रधान व सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाणी फवारलेली पिके टोळ खात नाहीत, हे दाखवून दिले. याच झाडावरच्या एका युरोपीय पेटंटविरुद्धची लढाई भारताच्या बाजूने २००५ साली संपली. घरासाठी प्रमाण सोपे: ५० ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळावी आणि थोडा साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारावी. कीड थोडीच असेल तर तेही नको. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने ती पुसून काढावी, आठवड्याने पुन्हा पाहावे, आणि नवे रोप आणले की दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे.

लाख उत्पादकांची एक युक्ती येथे आठवते. त्यांच्या किड्यालाही शत्रू आहेत, त्याला खाणारे पतंग. म्हणून बियाण्याची लाख बारीक नायलॉन जाळीच्या पिशवीत घालून झाडाला बांधतात. लाखेची चिमुकली पिले छिद्रांतून बाहेर पडतात, पतंग आतच अडकतात. विष नाही, फक्त छिद्राचे माप.

शेवटी एक ओळख. क्रिप्टोलेमस नावाचा ऑस्ट्रेलियन ढालकिडा १८९८ साली भारतात आणला गेला, कॉफीवरच्या किडीसाठी. त्या कामी तो फारसा उपयोगी पडला नाही, पण पिठ्या ढेकणाचा खरा काळ ठरला. त्याची अळीही मेणाच्या पांढऱ्या झिरमिळ्यांनी झाकलेली असते. पहिल्या नजरेला ती मोठा पिठ्या ढेकूणच वाटते. तेव्हा बोळा टेकवण्याआधी क्षणभर थांबून पाहा: ढेकणापेक्षा मोठी, झिरमिळ्या लांब आणि भराभर चालणारी असेल, तर तिला तिथेच राहू द्या.