हडपसरचा गूळ आणि कालव्याचा अपुरा हिशेब

मुठेच्या उजव्या कालव्याचा विचार आजवर बहुधा शहराचा पाणीपुरवठा आणि दुष्काळनिवारण या दोन अंगांनी झाला आहे. हडपसरच्या शेतात शिरलेले पाणी पुढे कोणत्या मालाच्या रूपाने, कोणासाठी खर्ची पडले, हा प्रश्न मात्र सहसा उपस्थित केला जात नाही. प्रस्तुत टिपणात त्याचाच विचार करावयाचा आहे.

खडकवासल्याचे धरण 1879 मध्ये पुरे झाले. त्याचा उजवा कालवा पुणे ओलांडून हडपसर, लोणी या मार्गाने पूर्वेच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात जातो. 1876-78 च्या दुष्काळानंतर अशा कालव्यांकडून ज्वारी-बाजरीच्या रक्षणाची अपेक्षा होती. परंतु पाऊस बरा झाला की कोरडवाहू पिकांकरिता पाण्यास मागणी नसे. बारमाही पाणी घेणारा आणि जास्त दराची पाणीपट्टी देणारा ऊस त्यामुळे सरकारास सोयीचा ठरला. शेतकऱ्यासही गुळाचे रोख पैसे मिळत. जवळच्या मांजरीच्या सरकारी शेतावर उसाचे प्रयोग झाले, ते याच ओघात.

आता हिशेबाची रीत पाहावी. पाणीपट्टीची आकारणी पीक व एकर यांवर होई, तर पेठेत गूळ वजनावर विकला जाई. सरकारी वहीत गुळाची नोंद नसे आणि अडत्याच्या वहीत पाण्याची.

या अदृश्य खर्चास 1990 नंतरच्या दशकात जे. ए. ॲलन यांनी ‘आभासी पाणी’ ही संज्ञा दिली. जागतिक सरासरीने टनभर उसास, पावसाचे पाणी धरून, सुमारे 210 घनमीटर गोडे पाणी लागते. दहा किलो उसापासून साधारणतः एक किलो गूळ होतो असे धरल्यास 30 किलोच्या ढेपेमागे 63,000 लिटर पाणी पडते. हडपसरचा नेमका आकडा वेगळा असू शकेल. खर्चाचे मान मात्र यावरून ध्यानी येते. हे पाणी ढेपेत नसते; त्याचा बहुतेक भाग पानांतून व मातीतून हवेत गेलेला असतो.

2000 नंतर मगरपट्ट्याच्या सुमारे 400 एकर शेतीवर नगर उभे राहिले. तेथील घरांत आज साखर बाहेरून येते. तिचे पाणी दुसऱ्या गावाच्या शिवारात खर्च होते. पाणीपट्टीचे व पेठेचे दप्तर शेजारी ठेवून वाचल्याखेरीज, दुष्काळाच्या नावाने साठविलेले पाणी अखेर कोणाच्या उपयोगी पडले, याचा निर्णय इतिहासकारास देता येणार नाही.