संकल्प, सातबारा आणि सर्व्हर

पोस्ट मोठी आहे. आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी "एवढं कोण वाचणार" म्हणायला नको.

मे २०२१. तौक्ते वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून गेलं, त्या आठवड्यातली गोष्ट. मी तेव्हा ज्या साप्ताहिकात होतो (नाव घेत नाही, माणसं चांगली होती) तिथे कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर अहोरात्र चालू असायचा. त्यात आमचे स्कॅन केलेले जुने अंक, आणि शब्द टाकला की बातमी शोधून देणारा एक प्रोग्रॅम. सगळं फुकटातलं, लिनक्सवर. एका हुशार मुलाने दोन-तीन रविवार बसून उभं केलेलं. तो मुलगा पुढे हिंजवडीला लागला. लाईट गेली, आली, परत गेली, आणि डबा जो बसला तो बसलाच. नवीन मशीन आणलं, हार्ड डिस्क जोडली, फाईली सगळ्या जागेवर. पण तो शोधणारा प्रोग्रॅम कसा बसवला होता, काय काय आधी बसवावं लागतं, कुठल्या फाईलमध्ये काय बदललं होतं, हे फक्त त्या मुलाला ठाऊक. त्याला फोन केला. तो म्हणाला, "दादा, खरं सांगू? मलाही आता आठवत नाही."

म्हणजे माहिती होती, पण माहितीकडे जायची वाट एका पोराच्या डोक्यात होती, आणि तिथूनही ती पुसली गेली होती.

ही वाट कागदावर उतरवायचा प्रयत्न जगात कुणी, कधी, कसा केला, ते त्यानंतर मी वाचत गेलो. मी डिप्लोमावाला पत्रकार, इंजिनिअर नव्हे. कुठे चुकलो तर जाणकारांनी कमेंटमध्ये कान धरावा.

सुरुवात १९७९ सालापासून करू. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधून त्या वर्षी युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी एकाच वेळी आल्या. एक म्हणजे स्टीव्ह बोर्न यांनी लिहिलेला शेल. शेल म्हणजे कॉम्प्युटरला एकेका ओळीत हुकूम सोडायची जागा. त्याच ओळी एका फाईलमध्ये लिहून ठेवल्या की झाली शेल स्क्रिप्ट. दुसरी म्हणजे 'सीएचरूट' नावाची सोय : एखाद्या प्रोग्रॅमला एका फोल्डरमध्ये बसवायचं आणि त्याला सांगायचं, बाबा रे, हेच तुझं जग, याच्या बाहेर काही नाही. आजचा कंटेनर आणि तो भरणारी स्क्रिप्ट, दोघांचेही आजोबा एकाच घरात जन्मले. मला ही गोष्ट फार गमतीची वाटते.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. २००० साली फ्रीबीएसडीने 'जेल' आणली, मग सोलारिसचे 'झोन' आले. २००६ मध्ये गूगलच्या इंजिनिअरांनी, कुठल्या प्रोग्रॅमने किती मेमरी आणि किती प्रोसेसर खावा याला लगाम घालणारी यंत्रणा लिनक्ससाठी लिहायला घेतली. तिला आधी 'कंटेनर' म्हणत, पण त्या शब्दाचे अर्थ फार झाल्यामुळे नाव 'सीग्रुप' केलं. जानेवारी २००८ च्या लिनक्स कर्नलमध्ये ती आली, आणि त्याच वर्षी 'एलएक्ससी', म्हणजे लिनक्स कंटेनर. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स या माणसाने एका परिषदेत पाच मिनिटांत 'डॉकर' दाखवलं आणि मग जो तो कंटेनर कंटेनर करायला लागला.

कंटेनर म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला वाड्यावरून चटकन कळेल. एका वाड्यात पाच बिऱ्हाडं. प्रत्येकाची चूल वेगळी, कडी वेगळी, कुलूप वेगळं. पण विहीर एक आणि छप्पर एक. एका बिऱ्हाडाने भिंतीला रंग फासला म्हणून दुसऱ्याचं काही बिघडत नाही. आमच्या साप्ताहिकाच्या मशीनमध्ये सगळे प्रोग्रॅम एकाच खोलीत संसार करत होते, म्हणून तर तो गुंता.

नाव बंदरावरून आलंय हे खरं. १९५६ साली माल्कम मॅक्लीनने एका जहाजावर ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या, तिथून बंदरांचा धंदा बदलला. आपल्याकडे न्हावा शेवा १९८९ मध्ये सुरू झालं. पण रत्नागिरीकराला एवढ्या लांब जायची गरज नाही. आंब्याची पेटी घ्या. पावसचा आंबा असो की गणपतीपुळ्याचा, पेटी म्हटलं की वाशीच्या मार्केटमधल्या हमालाला ती कशी उचलायची, टेंपोवाल्याला कशी रचायची, दलालाला कशी उघडायची हे सांगावं लागत नाही. आत काय आहे त्याच्याशी उचलणाऱ्याला देणंघेणं नाही.

मात्र पेटी ठरली म्हणून पेटी भरायची रीत ठरत नाही. ती रीत हाच माझ्या पोस्टचा खरा विषय.

ऑस्ट्रियात व्हिएन्ना इथे प्रॉक्समॉक्स नावाची कंपनी आहे. २००८ पासून ती एक फुकट वापरता येणारी प्रणाली देते : एका मशीनवर हवी तेवढी बिऱ्हाडं थाटा. २०१५ च्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात एलएक्ससी कंटेनर आले. जगभरच्या हौशी लोकांनी जुने ऑफिसमधले पीसी विकत घेऊन घराघरात हे बसवलं. आणि प्रत्येकाची अडचण आमच्यासारखीच. कंटेनर रिकामा मिळतो, पण आत प्रोग्रॅम बसवायला तीस-चाळीस कमांड लागतात, त्यातली एक चुकली की रात्र गेली.

यातून 'टीटेक' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका माणसाने वाट काढली. तो एकेका प्रोग्रॅमसाठी स्क्रिप्ट लिहून मोफत वाटू लागला. स्क्रिप्टा लिहिणारे पुष्कळ होते. याचं वेगळेपण असं की त्याने सगळ्या स्क्रिप्टांना एकच साचा दिला. प्रत्येक प्रोग्रॅमच्या दोन फाईली. पहिली मुख्य मशीनवर चालते आणि कंटेनर उभारते : प्रोसेसर किती, मेमरी किती, डिस्क किती, आत डेबियन की उबंटू, हे सगळं वरच्या चार-सहा ओळींत. दुसरी कंटेनरच्या आत चालते आणि प्रोग्रॅम बसवते. सगळ्यांना लागणारं काम, म्हणजे नेटवर्क आहे का बघ, चुकलं तर थांब, "हे करतोय", "हे झालं" असं माणसाला कळव, शेवटी कचरा काढ, हे एका सामाईक फाईलमध्ये. पुढे नवी आवृत्ती चढवायची तर तीही रीत ठरलेली. एक स्क्रिप्ट वाचता आली की बाकीच्या शेकडो वाचता येतात.

मला हे वाचताना आमचे गुरुजी आठवले. संकल्पाची पोथी बघा. देश, काळ, संवत्सर, तिथी, वार, यजमानाचं गोत्र, नाव. छापील पोथीत या जागी 'अमुक' असा शब्द असतो. गुरुजी त्या 'अमुक'च्या जागी तुमचं नाव घालतात, बाकी मंत्र सगळ्यांना तोच. प्रोग्रॅमर ज्याला व्हेरिएबल म्हणतात तो हाच अमुक.

आणि अमुकची जागा रिकामी राहिली तर? जानेवारी २०१५ मध्ये 'स्टीम' या गेमच्या प्रोग्रॅमबाबत हे जाहीरपणे घडलं. त्याच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टमध्ये "अमुक फोल्डरमधलं सगळं पुसून टाक" अशा अर्थाची ओळ होती. काही परिस्थितीत अमुक रिकामा राहिला. मग हुकूम उरला तो "सगळं पुसून टाक" एवढाच. लोकांच्या स्वतःच्या फाईली गेल्या. कहर म्हणजे लिहिणाऱ्याने त्या ओळीपाशी इंग्रजीत 'भीतिदायक' अशी टीप लिहून ठेवली होती. भीती वाटत होती, पण आधी तपासून घेणारी ओळ काही लिहिली नाही. सामाईक साचा लागतो तो यासाठी. तपासणी एकदाच नीट लिहायची, मग प्रत्येकाने ती आठवणीने करायची गरज उरत नाही.

अर्थात साच्याचाही धोका आहे आणि तो मोठा आहे. इंटरनेटवरून एक ओळ कॉपी करायची, मशीनच्या मालकाच्या अधिकाराने चालवायची, म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देऊन आपण बाजारात जायचं. मार्च २०२४ मध्ये काय झालं ते आठवा. 'एक्सझेड' हे फाईली दाबून लहान करणारं साधन, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असलेलं. सांभाळणारा मुख्य माणूस एकच आणि तो थकलेला. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं मदत करत विश्वास कमावला, आणि मग चोरदरवाजा घुसवला. प्रोग्रॅम तयार करताना चालणाऱ्या स्क्रिप्टमधून तो उघडत होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतोय असा प्रश्न पडला, म्हणून तो सापडला. अर्धा सेकंद! आपल्याकडे सेतू केंद्रात अर्धा दिवस गेला तरी कुणाला प्रश्न पडत नाही.

त्याच वर्षी टीटेकचीही गोष्ट वळणावर आली. तो गंभीर आजारी होता. हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या दिवसांत सांभाळ करणाऱ्या ठिकाणी, जात असल्याचं त्याने वापरणाऱ्यांना कळवलं, आणि काम स्वयंसेवकांच्या एका गटाकडे सोपवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो गेला. स्क्रिप्टा चालूच राहिल्या. नवीन लोक आले, नवीन प्रोग्रॅमची भर पडली, एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासायचं असं ठरलं. त्याच्या जुन्या फाईलींच्या माथ्यावर लेखक म्हणून त्याचं नाव अजून आहे.

इथे मला तलाठी आठवतो. हसू नका. मुंबई इलाख्यात अँडरसन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने महसुली हिशेबांची नियमपुस्तिका केली. गाव नमुना १ ते २१, कुठल्या नमुन्यात काय लिहायचं ते ठरलेलं. आपला सातबारा म्हणजे त्यातला नमुना ७ आणि नमुना १२. तलाठ्याची बदली होते, तो रिटायर होतो, पण राजापूरचा तलाठी मंडणगडला गेला तरी तिथलं दप्तर त्याला वाचता येतं. त्या दप्तरात खोटं लिहिता येत नाही असं नाही, ते आपण सगळे जाणतो. पण खोटं कुठे लिहिलंय ते शोधता येतं, कारण खरं कुठे असायला हवं ते ठरलेलं आहे.

आता सांगा, आपल्या जिल्ह्यात किती ग्रामपंचायती, पतपेढ्या, वाचनालयं, शाळा यांचे कॉम्प्युटर "एक मुलगा आहे, तो बघतो" यावर चालतात? त्यातल्या किती ठिकाणी तो काय करतो ते लिहून ठेवलंय? पुढच्या वेळी ग्रामसभेला गेलात तर हा एक प्रश्न विचारून बघा. रस्त्याचा प्रश्न विचारून झाल्यावर विचारा, हरकत नाही.

आमच्या अंकांचं पुढे काय झालं ते सांगतो. २०२३ च्या दिवाळीत माझ्या भाच्याने घरच्या जुन्या पीसीवर प्रॉक्समॉक्स बसवलं आणि टीटेकचीच एक स्क्रिप्ट चालवली, 'पेपरलेस' नावाच्या प्रोग्रॅमची. स्कॅन केलेली पानं घ्यायची, त्यावरची अक्षरं ओळखायची, शोधता येतील अशी ठेवायची. चहा होईपर्यंत काम झालं. आम्ही उत्साहाने १९९८ चा, कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हाचा अंक टाकला. शोधात आली ती नुसती चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

कारण साधं होतं. अक्षरं ओळखणाऱ्या 'टेसरॅक्ट'ला मराठी येते, पण ती वेगळी बसवावी लागते. स्क्रिप्टने बसवली ती इंग्रजी. यात कुणाचा वाईट हेतू नाही. साचा करणाऱ्यापुढे मराठी साप्ताहिक नव्हतंच. पोथीत आमच्यासाठी अमुकची जागा ठेवायची राहून गेली होती, एवढंच. भाच्याने एक ओळ वाढवून मराठीचं पॅकेज घातलं, सेटिंगमध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहिलं, परत चालवलं. जोडाक्षरं अजून अडखळतात, 'रत्नागिरी'चं कधी कधी 'रलागिरी' होतं. पण 'कोकण रेल्वे' टाकल्यावर पान समोर आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या.

त्या दोन बदलांची फाईल भाच्याने वेगळी ठेवली आहे, वर तारीख आणि मराठीत चार ओळी : काय केलं, का केलं, बिघडलं तर कुठे बघायचं. प्रिंट काढून डब्याच्या आत चिकटवली आहे. तोही यंदा पुण्याला चाललाय.

कुणाकडे लांजा, संगमेश्वर, गुहागरकडची २००० पूर्वीची साप्ताहिकं असतील तर रद्दीत देऊ नका, इनबॉक्स करा. स्कॅन करून मूळ अंक परत आणून देईन. वाळवी लागलेले असले तरी चालतील.