ओल्या चिंधीची साक्ष

आमच्या मैंदर्गीच्या शाळेंत विज्ञानाचें म्हणून जें एक लांकडी कपाट होतें, त्यांत दोन तापमापक होते. मैंदर्गी हें अक्कलकोट तालुक्यांतील, कर्नाटकाच्या हद्दीजवळचें गांव. घरीं कानडी आणि शाळेंत मराठी बोलणारीं मुलें माझ्या वर्गांत असत. एके वर्षीं एक अधिकारी शाळेच्या तपासणीस आले व त्यांनीं दोन्ही तापमापक उकळत्या पाण्याच्या वाफेंत धरावयास सांगितले. एकाचा पारा बरोबर १०० अंशांवर जाऊन थांबला, दुसऱ्याचा साडेअठ्याण्णवांवर. दुसरा नादुरुस्त ठरला व तो काढून टाकावा असा शेरा वहींत पडला. मीं तो टाकला नाहीं. दुसऱ्या दिवशीं गोळेवाल्याच्या गाडीवरून बर्फ आणविला, तो कुटला आणि दोन्ही नळ्या त्यांत उभ्या केल्या. ज्यास नादुरुस्त म्हटलें होतें तो शून्यावर आला. आणि शंभर दाखवून शाबासकी मिळविणारा दीड अंशावरच अडून राहिला.

याचा उलगडा कठीण नाहीं. पाणी १०० अंशांस उकळतें तें समुद्रसपाटीस. सोलापूरचा मुलूख समुद्रापासून सुमारें साडेचारशें मीटर उंच. येथें हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साडेअठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतें. म्हणजे पहिला तापमापक दोन्ही ठिकाणीं दीड अंश पुढें धांवत होता, आणि दुसरा खरें बोलत असून शिक्षेस पात्र झाला होता. साधनाची चूक साधनाकडे नुसतें पाहून कळत नाहीं. तें अधिक विश्वासू अशा दुसऱ्या साक्षीदाराशीं ताडून पाहावें लागतें. या ताडून पाहण्यास अंशशोधन असें नांव आहे. हल्लीं कारखान्यांतून व प्रयोगशाळांतून हवी तितकी उष्ण आणि हवी तितकी दमट हवा एका बंद कपाटांत निर्माण करून तींत औषधें, यंत्रांचे भाग, कापड यांची परीक्षा घेतात. त्या चाचणी-कक्षांचेंही असेंच अंशशोधन करावें लागतें. त्याच्या इतिहासाचा जो धागा आपल्या सोलापुरांतून जातो, तो आज मला आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

साक्षीदाराचा शोध जुना आहे. फॅरनहाइटनें १७१४ च्या सुमारास पाऱ्याचे, एकमेकांशीं जुळणारे तापमापक तयार केले. १७४२ मध्यें सेल्सियसनें बर्फ वितळण्याचा व पाणी उकळण्याचा अशा दोन बिंदूंमध्यें शंभर भाग पाडले. (त्यानें उकळण्यास शून्य व बर्फास शंभर म्हटलें होतें, तें मागाहून उलटें झालें. हें सांगितलें कीं वर्गांत हटकून हशा पिकत असे.) तरीही निरनिराळ्या कारागिरांच्या नळ्या उकळत्या पाण्यांत निरनिराळें बोलत. तेव्हां लंडनच्या रॉयल सोसायटीनें कॅव्हेंडिशच्या अध्यक्षतेखालीं एक समिती नेमली. १७७७ मध्यें तिनें ठरविलें कीं नळी पाण्यांत न बुडवितां वाफेंत धरावी, व त्या वेळीं वायुभारमापकाचा पारा २९.८ इंचांवर असावा. नसल्यास तितकी दुरुस्ती करून घ्यावी. आमच्या शाळेच्या तपासणींत नेमकी ही दुरुस्तीच राहून गेली होती!

उष्णतेस बर्फ आणि वाफ असे दोन साक्षीदार तरी मिळाले. हवेंतील ओलाव्यास कोण? जिनीव्हाच्या सोस्यूरनें १७८३ मध्यें माणसाचा केंस पुढें केला. तेलकटपणा काढलेला केंस दमट हवेंत लांबतो, कोरड्या हवेंत आंखडतो. त्यास कांटा जोडला कीं झालें यंत्र. परंतु केंस थकतो, धुळीनें माखतो, त्याची तब्येत पाहून त्याचें बोलणें घ्यावें लागतें. त्याहून भरंवशाची युक्ति पुढें रूढ झाली ती दोन तापमापकांची: एक कोरडा, दुसऱ्याच्या गोळ्यास ओल्या मलमलीची चिंधी. हवा कोरडी असेल तितकें चिंधींतील पाणी वेगानें उडतें आणि तितका तो गोळा थंड होतो. आपला माठ आणि वाळ्याचा पडदा ज्या नियमानें गार होतात, तोच हा नियम. दोन्ही पाऱ्यांतील अंतर घेऊन कोष्टकांत पाहिलें कीं आर्द्रता शेंकडा किती तें कळतें.

आपल्या इकडे या नोंदींची शिस्त मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनें घातली. तिची इमारत १८२६ मध्यें उभी राहिली व १८४१ पासून नियमित वेध सुरू झाले. लोकमान्य टिळकांचे गुरु केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनीं तरुणपणीं याच वेधशाळेंत ऑर्लेबार साहेबांच्या हाताखालीं काम केलें. पुढें १८७५ मध्यें हवामान खातें निघालें. त्याची मुख्य कचेरी १९२८ मध्यें सिमल्याहून पुण्यास आली, म्हणून शिवाजीनगरची ती इमारत पुणेकरांच्या तोंडीं सिमला ऑफिस झाली. परंतु हीं खुल्या हवेचीं मोजमापें. चार भिंतींच्या आंत हवा घडवावयाची आणि ती घडली कीं नाहीं याचा पुरावा मागावयाचा, हा प्रसंग आला तो गिरण्यांमुळें.

सोलापुरची जुनी गिरणी १८७७ मध्यें चालू झाली. येथील उन्हाळा आपणांस ठाऊक आहे. वैशाखांत पारा चाळिशीपार जातो आणि हवा शुष्क असते. कापसाचा तंतु ओलावा घेतो तेव्हां बळकट होतो. कोरड्या हवेंत सूत कडक होतें, विजेनें भारलें जाऊन विस्कटतें आणि तारा पटापट तुटतात. म्हणून खात्यांत वाफ सोडावी किंवा पाण्याचे बारीक फवारे उडवावे लागत. लँकेशायरच्या गिरण्यांतून हा प्रकार आधींपासून होता. तेथें ताण्यास जड खळ देत आणि ती तडकूं नये म्हणून वाफेनें खातें भरून टाकीत. विणकरांनीं त्याविरुद्ध ओरड केली, तेव्हां १८८९ मध्यें इंग्लंडांत खास कायदा होऊन कोरड्या व ओल्या पाऱ्यांच्या आंकड्यांवर आर्द्रतेची मर्यादा घालण्यांत आली. मजुराच्या छातींतला श्वास आणि मालकाच्या सांच्यावरची तार यांच्या भांडणांत ओली चिंधी न्यायाधीश झाली ती तेव्हांपासून.

आपल्या देशांतही १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १५ व्या कलमांत कृत्रिम ओलाव्याविषयीं तरतूद होती आणि तिच्याखालीं नियम केलेले होते. ते मीं उतारवयांत वाचले आणि थक्क झालों. कायद्याची भाषा रुक्ष असते खरी. पण या नियमांच्या ओळीओळींतून कोणा चतुर निरीक्षकाचे अनुभव डोकावतात. ५० पासून १२० अंश फॅरनहाइटपर्यंत तापमापकांत दोन-दशांश अंशाहून अधिक चूक नसावी. प्रत्येकास प्रमाणपत्र असावें. एकदां चुकीचा ठरलेला तापमापक नवें प्रमाणपत्र मिळाल्यावांचून वापरूं नये. यंत्र भिंतीस अगर खांबास ठोकावयाचें तर मध्यें निदान अर्धा इंच जाडीचें लांकूड घालावें. आणि कामाच्या वेळेंत चिंधीवर अगर वातीवर थेट पाणी ओतूं नये.

हा शेवटचा नियम वाचला आणि मला माझे मामा आठवले. ते सोलापुरांतील एका गिरणींत सांचेखात्यांत होते. नांव सांगत नाहीं. ती आतां बंद पडली आहे. ते सांगत कीं निरीक्षक फाटकांत आल्याची कुणकुण लागली, कीं कोणी तरी माठांतलें गार पाणी पेलाभर घेऊन यंत्राकडे जाई. मला लहानपणीं वाटे, चिंधी वाळली म्हणून भिजवीत असतील, त्यांत पाप तें काय? पाप असें कीं, ओल्या पाऱ्याचा आंकडा ठरीव मर्यादेवर गेला तर फवारे बंद करावे लागत. गार पाणी पडलें कीं तो पारा कांहीं मिनिटें खऱ्याहून खालीं उतरे. खातें कागदावर कोरडें होई आणि फवारे चालू राहत. माणसें मात्र उघड्या अंगानें निथळत असत, आणि दमट हवेंत तो घाम वाळत नाहीं, म्हणून अंग निवतही नाहीं.

उलट चिंधी मळली, तिला खळीचे कण चिकटले किंवा ती सुकली, तर पाणी पुरेसें उडत नाहीं. ओला पारा खऱ्याहून वर राहतो आणि हवा आहे त्याहून दमट भासते. मग फवारे अकारण बंद, तारा तुटावयाच्या, आणि ज्याची मजुरी विणलेल्या कापडावर तो विणकर संध्याकाळीं कमी पैसे घेऊन घरीं जावयाचा. चूक कोणत्याही बाजूची असो, ती मामांच्याच अंगावर येई. आणि ती फार मोठी असावी लागते असेंही नाहीं. कोरडा पारा ३० व ओला २५ अंश सेल्सियस असेल तर आर्द्रता शेंकडा ६७ च्या सुमारास येते. ओला एकच अंश खालीं वाचला तर ती ६१ होते.

सूत विणण्याच्या जागीं जें खरें, तें सूत तपासण्याच्या जागीं अधिकच खरें. तेंच सूत पावसाळ्यांत बळकट आणि उन्हाळ्यांत दुबळें ठरूं लागलें तर परीक्षेस अर्थ काय? १९२१ मध्यें हिंदुस्थानची मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि १९२४ मध्यें तिनें मुंबईस माटुंग्याला प्रयोगशाळा काढली. शेतकी खात्यांनीं तयार केलेलीं कापसाचीं नवीं वाणें कातून पाहून त्यांचा कस ठरवावयाचा हें तिचें काम. आज ती केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून चालू आहे. सुताच्या परीक्षेसाठीं आपल्याकडे खोलीची हवा २७ अंश उष्ण आणि शेंकडा ६५ दमट ठेवण्याचा दंडक आहे. दोन अंश व दोन टक्के इतकीच सूट. कोणतें बियाणें शेतकऱ्यानें पेरावें हें जेथें ठरतें, तेथें भिंतीवरचा पारा खोटा असून कसें चालेल?

येथें घरांतल्या गृहिणींस एक गोष्ट सांगावीशी वाटते. पावसाळ्यांत मिठास पाणी सुटतें. शुद्ध मीठ हवेची आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली म्हणजे विरघळूं लागतें (बाजारच्या खडेमिठांत मॅग्नेशियमचे क्षार असतात, म्हणून तें आधींच ओलावतें). आतां उलट विचार करा. बरणींत शुद्ध मीठ घ्या, थोडें पाणी घाला, पण सगळें मीठ विरघळेल इतकें नको. झांकण घट्ट लावा. आंतील हवा आपोआप शेंकडा ७५ वर येऊन ठरते, आणि खोली २० अंशांवर असो कीं ३० वर, त्यांत फारसा फरक पडत नाहीं. मॅग्नेशियम क्लोराइड घेतलें तर ती ३३ च्या आसपास ठरते, पोटॅशियम सल्फेट घेतलें तर ९७. बर्फ आणि वाफ हे जसे उष्णतेचे साक्षीदार, तसे हे क्षार ओलाव्याचे. आर्द्रतामापकांचा पडताळा पाहण्यास अशा बरण्या प्रयोगशाळांतून आजही ठेवतात. याहून सूक्ष्म काम आरशाचें: आरसा थंड करीत जावें, त्यावर दंव धरलें कीं तो अंश टिपावा. ह्याच कल्पनेचें यंत्र रेन्योनें १८४५ मध्यें चांदीच्या नळीवर केलें होतें.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास चाचणी-कक्षांच्या अंशशोधनाचें काम करतो. गेल्या वर्षीं त्यानें मला एक कक्ष उघडून दाखविला. आमच्या शाळेच्या कपाटाएवढाच होता. दारावरील आंकडे २७ आणि ६५ असें दाखवीत होते. त्यानें त्या आंकड्यांकडे पाहिलेंही नाहीं. आंत आठ कोपऱ्यांत आठ आणि मध्यभागीं एक असे नऊ मापक त्यानें टांगले, दार लावलें आणि आम्ही चहास गेलों; कारण हवा ठरेपर्यंत घेतलेली नोंद निरुपयोगी. परत येऊन पाहतों तों वरचा एक कोपरा मध्यापेक्षां एक अंशानें उष्ण. एवढ्यानें काय बिघडतें, असें मीं विचारलें. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, ओलावा तितकाच आणि हवा एक अंश तापली, तर तिथली आर्द्रता जवळजवळ चार टक्क्यांनीं उतरते. तिथें औषधाची पट्टी ठेवली असेल, तर तिची परीक्षा वेगळ्याच हवेंत झाली.’’

मग मला वाटलें, आतां हा पेंचकस घेऊन कक्ष दुरुस्त करील. त्यानें तसें केलें नाहीं. आधीं जशी चूक आढळली तशी ती कागदावर उतरविली, आणि नंतर दुरुस्तीस हात घातला. कारण विचारतां म्हणाला कीं, मागच्या तपासणीपासून आजपर्यंत या कक्षांत ज्या परीक्षा झाल्या, त्यांपैकीं कोणत्या पुन्हा कराव्या लागतील हें या चुकीवरूनच ठरावयाचें आहे. ती न नोंदतां पुसली तर तो हिशेब कायमचा गेला. त्याच्याजवळील नऊ मापकांसही प्रमाणपत्रें होतीं. ज्या साधनाशीं तीं ताडलीं त्यासही प्रमाणपत्र. आणि ही सांखळी शेवटीं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपाशीं जाऊन पोंचते. १९५० च्या २१ जानेवारीस तिचें उद्‍घाटन झालें आणि सर के. एस. कृष्णन् तिचे पहिले संचालक होते.

मीं शाळेचे ते दोन तापमापक पिशवींतून बरोबर नेले होते. निवृत्त होतांना रीतसर पावती करून ते मीं मागून घेतले आहेत. त्यानें हंसत बर्फ कुटला आणि दोघांना त्यांत उभें केलें. शहाणा होता तो शून्याच्या किंचित् वर आला होता, एक-दशांश म्हणा. आणि दीड अंश पुढें धांवणारा आतां एक पूर्णांक सात-दशांश पुढें होता. कांचेचा गोळा वर्षानुवर्षें सूक्ष्म आंखडत राहतो आणि पारा वर चढतो. ज्यूलनें आपल्या एका तापमापकाचा शून्यबिंदु १८४४ पासून १८८२ पर्यंत तपासून हें दाखवून दिलें होतें. माझ्या डबीवर तीस वर्षांपूर्वीं मीं चिकटविलेली ‘वजा १.५’ ही चिठ्ठी विद्यार्थ्यानें काढली नाहीं. तिच्या खालीं त्यानें दुसरी चिकटविली, तीवर ‘वजा १.७’ असें लिहिलें, आणि त्या दिवसाची तारीख घातली.